सूज उतरली? मग आता खरं काम सुरू!

'काही नाही रे, थोडंसं मुरगळलंय.'

कॉलेजच्या ग्राउंडवर हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणतंच. पुढचं सगळंही ठरलेलं असतं. कुणीतरी बॅगेतून स्प्रे काढतं, कुणी क्रेप बँडेज गुंडाळतं, घरी गेल्यावर आंबेहळदीचा लेप लागतो. तीन-चार दिवस लंगडत लेक्चरला जायचं. आठवड्याभरात सूज उतरते आणि दहाव्या दिवशी आपण पुन्हा कबड्डीच्या मॅटवर. महिन्याभरात तोच पाय पुन्हा मुरगळतो. तिसऱ्यांदा मुरगळला की मग आपणच सगळ्यांना सांगायला लागतो, 'माझा हा घोटा ना, वीकच आहे.'

दोस्तहो, तो घोटा जन्मापासून वीक नव्हता. आपण तो अर्धवट बरा करून सोडून दिला, म्हणून तो तसा झाला.

हे फक्त कबड्डीचं नाही. विद्यापीठाच्या टीमसाठी धावणारी मुलगी, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारा गावाकडचा मुलगा, गणपतीच्या आधी दोन महिने कमरेला ढोल बांधून सराव करणारं पथक, दहीहंडीच्या थरात खांदा देणारे, रील बघून डेडलिफ्ट मारणारे, शनिवारी रात्री निघून रविवारी किल्ला सर करणारे. आपल्या वयात शरीराला कामाला लावणारे खूप आहेत आणि दुखापत झाल्यावर नीट बरं होणारे त्या मानाने फार कमी. दुखापतीनंतरचा व्यायाम ही म्हाताऱ्या माणसांची किंवा क्रिकेटस्टारची गोष्ट आहे, असं आपण धरून चाललोय. हा समज मोडायला हवा, कारण त्यापायी कित्येकांचा खेळ विशीतच संपतो.

दुखायचं थांबलं म्हणजे काय झालं?

घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जातात किंवा थोडेफार फाटतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे मजबूत पट्टे. ते भरून येतात, पण त्यांचा वेग वेगळा असतो. पहिले काही दिवस सूज आणि लाली, पुढचे काही आठवडे नवं तंतूंचं जाळं विणण्याचं काम आणि त्यानंतर कित्येक महिने त्या जाळ्याला घट्ट, शिस्तीत बसवण्याचं काम. दुखणं मात्र पहिल्या टप्प्यातच बरंचसं कमी होतं. म्हणजे घराची भिंत अजून ओली आहे आणि आपण तिला टेकून पंखा लटकवायला निघालो, असा हा प्रकार.

दुसरी गोष्ट तर दिसतही नाही. सांध्यात आणि त्याच्या भोवतीच्या स्नायूंत मेंदूला खबर देणारी यंत्रणा असते. पाऊल कुठल्या कोनात आहे, जमीन सपाट आहे की खड्डा आहे, हे ती क्षणाक्षणाला कळवत असते. मुरगळल्यानंतर ही खबर उशिरा पोचते. पाय खड्ड्यात पडतो आणि सावरायची सूचना येईपर्यंत उशीर झालेला असतो. सूज उतरल्याने ही यंत्रणा आपोआप सुधारत नाही. तिला सराव लागतो.

तपासायचंय? भिंतीजवळ उभे राहा. एका पायावर तोल सांभाळा, मग डोळे मिटा. आता दुसऱ्या पायावर तेच करा. जुन्या दुखापतीचा पाय जर लवकर डगमगत असेल, तर तुमचा घोटा दुखत नाहीये, पण बराही झालेला नाही.

घोटा एकटा नसतो

पाय दुखतो म्हणून आपण पायाकडे बघतो. शरीर मात्र वेगवेगळ्या सुट्या भागांच्या दुकानासारखं चालत नाही. आठ-दहा दिवस लंगडत चाललात की दुसऱ्या पायावर जास्तीचा भार येतो, कंबर एका बाजूला झुकते, दुखऱ्या बाजूची मांडी आणि पोटरी काम कमी असल्यामुळे बारीक व्हायला लागते. घोटा बरा झाला तरी लंगडण्याची सवय मागे राहू शकते. मग दोन महिन्यांनी गुडघा कुरकुरायला लागतो आणि आपल्याला वाटतं ही नवीनच भानगड आहे.

गुडघ्याचंही तसंच. जिना उतरताना किंवा उठाबशा काढताना वाटीच्या भोवती दुखत असेल, तर फक्त गुडघ्याला क्रीम चोळून भागत नाही. खुब्याच्या बाजूचे आणि मागचे स्नायू कमी पडत असतील तर उडी मारून खाली येताना गुडघा आत झुकतो आणि ताण त्याच्यावर येतो. म्हणूनच अशा दुखण्यात मांडीच्या बरोबर खुब्याचेही व्यायाम दिले जातात आणि त्यांचा फायदाही होतो. फास्ट बॉलरच्या खांद्याचंही हेच. चेंडूचा वेग फक्त हातातून येत नाही, तो पायातून, खुब्यातून, कमरेतून चढत चढत खांद्यापर्यंत येतो. खालची एखादी कडी ढिली असली की तिचं काम खांदा किंवा पाठ करते. ढोलवाल्यांनी हे स्वतःच्या पाठीवर अनुभवलेलं असतं.

म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट 'कुठे दुखतंय' एवढंच विचारून मशीन लावत नाही. तो तुम्हाला चालायला लावतो, उठाबशा काढायला लावतो, एका पायावर उभं करतो, मागे वळायला सांगतो. कुठला सांधा आखडलाय, कुठला स्नायू कामचुकारपणा करतोय, हे बघतो आणि मग त्यानुसार व्यायाम देतो. यालाच हल्ली करेक्टिव्ह एक्झरसाइज म्हणतात.

इथे एक सावधगिरी. 'तुमचं पोश्चर चुकलंय, खांदा दोन सेंटिमीटर खाली आहे, आमचा कोर्स घ्या' असं सांगणारे मोबाइलवर पैशाला पासरी आहेत. कुणाचंही शरीर पट्टीने आखल्यासारखं सरळ नसतं. थोडा डावा-उजवा फरक सगळ्यांत असतो, उत्तम खेळाडूंमध्येही असतो. व्यायामाचं काम तुम्हाला आरशात सरळ दाखवण्याचं नाही. तुमच्या खेळाला, तुमच्या कामाला जेवढी ताकद आणि जेवढी हालचाल लागते, तेवढी परत मिळवून देण्याचं आहे.

आराम करायचा, पण किती?

बर्फ लावा, पाय वर ठेवा, पूर्ण आराम करा. हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलाय. १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मिरकिन यांनी आराम, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी 'राइस' या नावाने आपल्या पुस्तकात मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे २०१४ मध्ये स्वतः मिरकिन यांनीच सांगितलं की, बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे बरं होण्याला उशीर लागू शकतो. बर्फाने दुखणं तात्पुरतं कमी होतं, एवढं खरं. पण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच एक भाग आहे, हे आता जास्त नीट समजलंय. २०१९ मध्ये ब्लेझ द्युबुआ आणि ज्याँ-फ्रान्स्वा एस्क्युलिए यांनी 'पीस अँड लव्ह' नावाची नवी मांडणी केली. तिचा सारांश साधा आहे. पहिले एक ते तीन दिवस दुखऱ्या भागाला जपा, दाबपट्टी बांधा, पाय उंच ठेवा. त्यानंतर हळूहळू त्याच्यावर भार द्यायला लागा, मन खचू देऊ नका, रक्ताभिसरण वाढवणारी हालचाल करा आणि व्यायाम करा.

भार देणं महत्त्वाचं का? कारण हाड, स्नायू, लिगामेंट, कंडरा हे सगळे पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतात. काम दिलं तर मजबूत होतात, काम काढून घेतलं तर कमजोर होतात. स्वीडनचे सर्जन हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या वरच्या जाड कंडरेच्या जुनाट दुखण्यावर एक साधा व्यायाम प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे ३ सेट आणि गुडघा वाकवून ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ऑपरेशनच्या वाटेवर असलेले धावपटू त्या व्यायामाने पुन्हा धावायला लागले. हवी होती फक्त एक पायरी आणि बारा आठवड्यांचा पेशन्स. पायरी आपल्याकडे आहे.

भार किती द्यायचा, याचा एक ढोबळ नियम लक्षात ठेवा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं मोजलं तर व्यायाम करताना साधारण तीनपर्यंतचं दुखणं चालतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलेलं हवं. सकाळी जास्त दुखत असेल किंवा सूज वाढली असेल, तर काल जास्त झालं. आज थोडं कमी करा, पण सोडून देऊ नका.

आणि काही वेळा स्वतःचे प्रयोग न करता थेट डॉक्टरकडे जायचं. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे हवा. गुडघ्यात 'फट्' असा आवाज झाला, काही तासांत गुडघा टम्म फुगला, चालताना निसटल्यासारखा वाटतो किंवा अडकून बसतो, तर 'बघू आठ दिवस' म्हणू नका. पाठ दुखताना पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि अशा वेळी ओळखीच्या मालीशवाल्याकडून झटका मारून घेणं तर अजिबात नको.

कॅलेंडर बघू नका, पाय बघा

गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलं की मुलांचा पहिला प्रश्न असतो, 'किती महिन्यांत खेळता येईल?' ऑपरेशन झालेलं असेल तर साधारण सहा महिन्यांत चालणं, जिना, जॉगिंग सगळं जमायला लागतं आणि मोह तिथेच होतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने पुढे ढकललं, तितकी पुन्हा गुडघा दुखावण्याची शक्यता कमी होत गेली. दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने. परतण्यापूर्वी दोन्ही मांड्यांची ताकद जितकी सारखी, तितका धोका कमी, असंही त्यात दिसलं.

म्हणून नऊ महिने झाले की शिट्टी वाजली, असंही नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरते का, वेगात दिशा बदलता येते का, हे तपासून मगच मैदानात उतरायचं. परीक्षा पास झाल्याशिवाय पुढच्या वर्षात बसता येत नाही, तसंच हे. इथे एटीकेटी नाही.

घाईची किंमत मोठ्या खेळाडूंनीही मोजलीय. पाठीच्या दुखापतीतून सप्टेंबर २०२२ मध्ये जसप्रीत बुमराह परतला आणि लगेचच पुन्हा बाहेर गेला. त्या वर्षीचा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकला. मार्च २०२३ मध्ये पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो ऑगस्टमध्ये परत आला. २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप भारताने जिंकला तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. विनेश फोगाटचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चालू कुस्तीत गेला, तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. दोन वर्षांनी तिने एशियाडचं सुवर्ण जिंकलं. २०२३ मध्ये पुन्हा एसीएलचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये तिने तोवर एकही आंतरराष्ट्रीय कुस्ती न हरलेल्या युई सुसाकीला हरवलं. पुढे वजनावरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्या गुडघ्याने तक्रार केली नव्हती.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तर याहून पुढचे. सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर साथ देईना. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आलं. त्या पोहण्यातूनच १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आलं, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. जे औषध म्हणून सुरू झालं, तेच त्यांचा खेळ बनलं.

'त्यांच्याकडे फिजिओ असतो, आमच्याकडे काय आहे?'

हा प्रश्न रास्त आहे. होस्टेलवर राहून मेसचे पैसे मोजून देणाऱ्या मुलाला आठवड्यातून तीनदा खासगी क्लिनिक परवडत नाही. पण काही वाटा आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपी विभाग असतात. राज्यात फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, त्यांच्या ओपीडीत खासगी क्लिनिकपेक्षा खर्च बराच कमी येतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओने मुलांचे पाय हिरावले जात होते त्या काळात, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे ही विद्या आपल्याकडे सार्वजनिक हॉस्पिटलातून, गरिबाच्या मुलाला उभं करण्यासाठी आली. ती श्रीमंतांची चैन नाही.

रोज जायचीही गरज नसते. एकदा नीट तपासून घ्या, व्यायाम शिकून घ्या, ते फोनवर शूट करून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. मधलं काम तुमचं. टॉवेल, भिंत, पायरी, रबराचा पट्टा आणि पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक एवढ्या सामानात पुष्कळ होतं. मात्र जाताना समोरचा माणूस फिजिओथेरपीची पदवी घेतलेला आहे ना, हे विचारा. जिमचा ट्रेनर आणि फिजिओथेरपिस्ट एक नव्हेत. आणि कुणी महिनाभर नुसतं मशीनच लावत असेल आणि एकही व्यायाम शिकवत नसेल, तर दुसरा बघा.

दुखापतीच्या काळात उरलेल्या शरीरालाही सुट्टी देऊ नका. पाय दुखावलाय, हात आणि पोट तर ठणठणीत आहे ना? चांगल्या पायाचा व्यायाम चालू ठेवला तर दुखऱ्या पायाची ताकद थोडी कमी उतरते, कारण ताकदीचा काही भाग मेंदू आणि मज्जातंतूंच्या सरावात असतो. आणि ग्राउंड सोडू नका. स्कोअर लिहा, कडेला बसून चढाई बघा, टीमसोबत राहा. घरी खोलीत एकटं पडून राहिलं की दुखण्यापेक्षा भीती जास्त वाढते. 'पुन्हा तसंच झालं तर?' ही भीती खरी असते. ती 'डर के आगे जीत' म्हटल्याने जात नाही. आधी चालणं, मग जॉगिंग, मग छोटी उडी, मग वळण, मग हलका सराव अशा पायऱ्यांनीच ती जाते.

आता थोडं कॉलेजांशी

ही जबाबदारी एकट्या खेळाडूची नाही. मॅच उद्या आहे म्हणून आज पेनकिलर देऊन मुलाला उतरवणं हे काही कोचिंग नव्हे. पेनकिलर दुखणं झाकते, लिगामेंट जोडत नाही. 'दम धर, सहन कर' हे वाक्य शेवटच्या मिनिटाच्या चढाईसाठी ठीक आहे, फाटलेल्या गुडघ्यासाठी नाही. निवड हुकेल म्हणून मुलं दुखापत लपवतात. जिथे दुखापत सांगितली की जागा जाते, तिथे कुणीच खरं सांगणार नाही. बरी होऊन परत आलेल्या मुलीला पुन्हा ट्रायल मिळेल, एवढी साधी खात्री जरी कॉलेजने दिली तरी लपवालपवी कमी होईल.

मुलींचं तर आणखी अवघड. एसीएल तुटण्याचा धोका मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतो. आणि तिचा गुडघा गेला की घरात पहिलं वाक्य येतं, 'झालं तेवढं पुरे, आता खेळबिळ बंद.' तिच्यासाठी अर्धवट बरं होणं म्हणजे फक्त एक सीझन जाणं नसतं, बाहेर पडायचं दारच बंद होणं असतं.

आणि बऱ्याच दुखापती मुळात टाळता येतात. फिफाने २००६ च्या सुमारास फुटबॉलसाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप आणला. धावणं, ताकद, तोल, उडी मारून नीट खाली उतरणं असे १५ व्यायाम, वेळ जेमतेम २० मिनिटं, साहित्य चेंडू आणि शंकू. जिथे तो नियमित केला गेला तिथे दुखापती साधारण एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही कमी झाल्या. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी 'नॉर्डिक' नावाचा व्यायाम आहे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि आपण गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकायचं. त्याने त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनो, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचंय, पण पहिल्याच आठवड्यापासून डांबरी रस्त्यावर रोज फुल स्पीडने पळालात तर नडगी दुखायला लागेल आणि नेमकं भरतीच्या महिन्यात घरी बसावं लागेल. अंतर हळूहळू वाढवा, मधे एखादा दिवस ताकदीच्या व्यायामाला द्या.

हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. टाच वर, टाच खाली. एका पायावर उभं राहा. रबराचा पट्टा ओढा. याची रील बनत नाही, याला टाळ्या पडत नाहीत. पण चाळिशीतही किल्ला चढायचा असेल, पोरांबरोबर क्रिकेट खेळायचं असेल, तर त्याचा हिशेब आत्ताच, या कंटाळवाण्या पंधरा मिनिटांत होतोय.

सुरुवात आज रात्रीच करा. दात घासताना एक मिनिट डाव्या पायावर उभे राहा, एक मिनिट उजव्या. ज्या पायाला जास्त धडपड करावी लागली, उद्यापासून त्याला रोज पाच मिनिटं जास्त द्या.